एक जूनवाले आणि अठ्ठावन्नचा घोळ

सातपूरला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली, ओटा तेवढा राहिला. संध्याकाळी साडेसात ते नऊ त्या ओट्यावर आमचा कट्टा भरतो. नऊला मोडतो, कारण नऊला मास्तरांची बीपीची गोळी असते, आणि मास्तर उठले की भांडायला समोर कुणी उरत नाही.

२०२४ च्या एप्रिलअखेरची गोष्ट. लोकसभेचा धुरळा उडालेला, त्यामुळे दुसरा विषय निघणं मुश्कील. पण त्या दिवशी मीच बोलून बसलो. "१ जूनला मला अठ्ठावन्न पुरी होतात. एचआरवाल्यांनी विचारलंय, पेन्शनचं काय करायचं ठरवलंय म्हणून."

आमच्यातलं सगळ्यात लहान पोरगं हसायलाच लागलं. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही; कसलाही विषय निघाला की मोबाईलवर रकाने मांडतो म्हणून त्याला एक्सेल म्हणतात. "काका, तुमचापण १ जूनच? अण्णांचा १ जून, मास्तरांचा १ जून, आमच्या पप्पांचा १ जून. कट्टा आहे का प्रसूतिगृह?"

"तेव्हा जन्म घरी व्हायचा आणि तारीख शाळेत मिळायची," अण्णा म्हणाला. "मास्तरांना विचार. यांनीच वाटल्यात."

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०१७ साली रिटायर झाले. त्यांनी आरोप नाकारला नाही. पोर हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरू शकलं की सहा वर्षांचं समजायचं आणि जूनची १ तारीख टाकायची, असा तो हिशोब. त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही कुणीतरी तेच केलेलं. आणि सरकारी नियम असा की १ तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जायचं. त्यामुळे दरवर्षी ३१ मेला सरकारी ऑफिसांत नारळ आणि शाली कमी पडतात. मास्तरही ३१ मेचेच.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "अठ्ठावन्न झाली, पेन्शन घ्यायची, घरी बसायचं. त्यात विचारायचं काय?"

"आमच्या कंपनीत साठ आहे, मास्तर. साठपर्यंत काम करता येतं."

"मग साठपर्यंत पेन्शन मिळणार नाही. पगारही घ्यायचा आणि पेन्शनही, असं कुठं असतं का?"

इथून पेटलं. सरकारी माणसाला नोकरी संपणं आणि पेन्शन चालू होणं या दोन गोष्टी असू शकतात हे पटतच नाही. त्याच्याकडे ती एकच तारीख असते. ३१ तारखेला शाल, १ तारखेपासून पेन्शन. आम्ही फंडवाले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाले. आमची पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ ला चालू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची. तिचं वय अठ्ठावन्न. कंपनीचं रिटायरमेंटचं वय काही का असेना, अठ्ठावन्न झाली की कंपनीच्या वाट्यातले पगाराचे ८.३३ टक्के पेन्शनकडे जायचे थांबतात आणि फंडात पडायला लागतात. तुम्ही मशीनवर उभे असलात तरी १०-डी फॉर्म भरून पेन्शन चालू करता येते. नोकरी सोडलेलीच पाहिजे ही अट अठ्ठावन्नच्या आधी घेणाऱ्याला. हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या शॉपमधल्या एकाने आदल्याच वर्षी तसं केलेलं. तरी मास्तर दहा मिनिटं मानेनात. शेवटी "खाजगीवाल्यांचं काही सांगता येत नाही बुवा" असं म्हणून त्यांनी माघार घेतली, पण अशा सुरात की नियमच चुकीचा आहे.

"किती मिळणार पण?" बापूने विचारलं. बापू रिक्षा चालवतो, मुद्द्यावर लवकर येतो.

"एक्सेल सांगेल."

एक्सेलने लगेच सूत्र सांगितलं. पगार गुणिले सर्व्हिस भागिले सत्तर. पगार कितीही असो, धरायचा १५ हजार. माझी सर्व्हिस १९९६ च्या सप्टेंबरपासून, म्हणजे अठ्ठावीस धरू. वीसच्या वर सर्व्हिस झाली म्हणून दोन वर्षं बोनस. तीस गुणिले १५ हजार भागिले सत्तर. "६,४२८! काका, पार्टी."

मीही महिनाभर हाच आकडा धरून चाललो होतो. घरी सांगितलाही होता.

"खोटा आहे," अण्णा म्हणाला.

अण्णा सहसा आकड्यांत पडत नाही. फिटर माणूस, आठ वर्षांपूर्वी त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा तो बावन्न वर्षांचा. त्याने तेव्हाच पेन्शन उचलली. त्याबद्दल कट्ट्याने त्याला इतकं ऐकवलंय की फंडाचे नियम त्याला पाठ झालेत.

"१५ हजारांची मर्यादा आली सप्टेंबर २०१४ ला," अण्णा म्हणाला. "त्याच्या आधी साडेसहा हजार होती. आधीच्या वर्षांना साडेसहाच धरतात. हा छप्पन्न इंची गुणाकार सगळे करतात आणि कागद हातात आला की तोंड पाडून बसतात. मीपण बसलोय."

मास्तरांनी खिशातून पत्रक काढलं. कुठल्यातरी उमेदवाराचा हसरा फोटो, मागची बाजू कोरी. त्यावर बोलपेनने मांडणी केली. सप्टेंबर ९६ ते सप्टेंबर २०१४, बरोबर अठरा वर्षं. ६,५०० गुणिले अठरा भागिले सत्तर, १,६७१. पुढची दहा वर्षं १५ हजारांनी, २,१४३. बेरीज ३,८१४. त्यात बोनसची दोन वर्षं. चार हजार आणि वर थोडे. मास्तरांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, शाळेत ओढायचे तशा, आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

६,४२८ वरून चार हजारांवर यायला मला तेवढीच दोन मिनिटं मिळाली. अठ्ठावीस वर्षांत एक दिवस बिनपगारी नाही. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग बापूच म्हणाला, "मला साठीला पाच हजार मिळणार. अटल पेन्शन योजनेचे. महिन्याला १,३१८ कटतात, एकोणचाळिसाव्या वर्षी घेतलं म्हणून जास्त. ना साठीच्या आधी, ना नंतर. आमच्यात वादच नाही."

"तुमची पाच तेव्हा किती किलोला येईल ते बघा," एक्सेल म्हणाला. खरं तर ते सगळ्यांनाच लागू. ना अटलला महागाई भत्ता, ना आमच्या ईपीएसला. आज चार हजार मिळाले तर माझ्या पंच्याहत्तरीतही चारच. या मुद्द्यावर सगळ्यांची नजर मास्तरांकडे वळते आणि मास्तर गिरणीच्या बंद शटरकडे बघतात. वर्षातून दोनदा त्यांचा भत्ता वाढतो. तेही रडतात, ते वेगळ्या कारणाने. त्यांनी रिटायर होताना अंशराशीकरण केलं, म्हणजे पेन्शनचा ४० टक्के भाग विकून एकरकमी पैसे घेतले. हातात आली विकलेल्या भागाची सव्वाआठ वर्षांहून थोडी जास्त रक्कम आणि कपात चालते पंधरा वर्षं. २०३२ ला पूर्ण पेन्शन पुन्हा चालू. "तोवर असलो तर," हे वाक्य ते दर महिन्याच्या १ तारखेला म्हणतात. भत्ता मात्र त्यांना विकलेल्या भागासकट पूर्ण पेन्शनवर मिळतो, हे ते सांगत नाहीत. अण्णा सांगतो.

तर प्रश्न उरला असा. अठ्ठावन्नला घ्यायची की थांबायचं? थांबायची सोय आहे. दोन वर्षांपर्यंत पेन्शन पुढे ढकलता येते आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. साठीला घेतली तर ८.१६ टक्के जास्त.

"थांबावं," मास्तर म्हणाले. "पगार चालू आहे ना? मग उगाच घाई कशाला? ८ टक्के म्हणजे कमी नाही. थांबणाऱ्याचं भलं होतं."

"अण्णाने घाई केली, बघताय ना," हे त्यांनी म्हटलं नाही, पण ते तिथं ओट्यावर येऊन बसलंच. अण्णाची पेन्शन सतराशेच्या आतबाहेर. अठ्ठावन्नच्या आधी घेतली की दर वर्षामागे ४ टक्के कापतात, सहा वर्षं आधी म्हणजे जवळजवळ पाव भाग गेला. त्याने पेन्शन न उचलता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सर्व्हिसचा दाखला, घेऊन ठेवायला हवं होतं, अठ्ठावन्नला पूर्ण घेतली असती, हे त्याला कट्ट्यावरच्या प्रत्येकाने किमान पाच वेळा सांगितलंय. मीही.

एक्सेल मान खाली घालून मोबाईलवर बोटं चालवत होता. "थांबा," तो म्हणाला. "हे उलटंच निघतंय."

त्याने सांगितलं ते असं. दोन वर्षं थांबलात तर चोवीस महिन्यांची पेन्शन सोडली. त्याबदल्यात पुढे दर महिन्याला ८.१६ टक्के जास्त. चोवीस भागिले ०.०८१६ म्हणजे २९४ महिने. साठीनंतर साडेचोवीस वर्षांनी, म्हणजे वयाच्या साडेचौऱ्याऐंशीला, सोडलेले पैसे वसूल. त्यानंतर फायदा. पेन्शन चार हजार असो की सात, गणित तेच, कारण पेन्शनचा आकडा दोन्हीकडून उडून जातो.

"चौऱ्याऐंशी?" बापू म्हणाला. "मास्तर, तुमच्याच्याने २०३२ निघेना."

"आणि आधी घेतली तर?" अण्णाने विचारलं. आवाज अगदी साधा होता, पण आठ वर्षं तो हा प्रश्न गिळून बसला असणार.

एक्सेलने रकाने बदलले. सहा वर्षं अण्णाने कापलेली का होईना, पेन्शन घेतली. ती एकूण रक्कम, आणि अठ्ठावन्ननंतर दर महिन्याला होणारा तोटा. "पंच्याहत्तरीपर्यंत तरी तुम्ही तोट्यात नाही, अण्णा. पुढंही दोनेक वर्षं."

अण्णा काही बोलला नाही. खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना लावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ मळत बसला. मग म्हणाला, "तेव्हा हिशोब नव्हता केला. पोरीच्या डिप्लोमाची फी होती. सतराशेत महिन्याचा बसपास आणि मेसचा अर्धा हप्ता भागायचा." आणि चिमूट तोंडात टाकली. मास्तरांनी पुडीसाठी हात पुढे केला, बीपी असून.

पण एक्सेल आता सुटला होता. "अजून एक प्रकार आहे. काका, तुम्ही नोकरीत राहणार असाल तर थांबून पैसेही भरत राहायचे. म्हणजे कंपनीचे ते १,२५० फंडात न जाता पेन्शनमध्येच जातील आणि दोन वर्षं सर्व्हिस वाढेल. तीही १५ हजारवाली. मग पेन्शन आठशेच्या आसपास वाढते." त्याचं गणित: सोडलेली पेन्शन आणि फंडात न गेलेले तीस हजार मिळून १ लाख २८ हजारांच्या घरात. आठशेने भागले तर तेरा वर्षं. त्र्याहत्तरीला वसूल.

हे ऐकून मी जरा सावरून बसलो. त्र्याहत्तर म्हणजे आवाक्यातला आकडा. माझे वडील अठ्ठ्याहत्तरपर्यंत शेतात जायचे. आणि दुसरा मुद्दा घरचा. ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. माझ्यामागे तिला माझ्या पेन्शनच्या निम्मी मिळणार, ती जन्मभर. माझी आठशे वाढली तर तिची चारशे वाढली. मी हे बोलून दाखवलं. मास्तरांना एकदम जोर आला. "हेच! माणसाने बायकोचा विचार करावा. थांबावं."

"मास्तर, व्याज," एक्सेल म्हणाला.

"कसलं व्याज?"

"१ लाख २८ हजार. पेन्शन दोन वर्षं घेऊन हात न लावता बँकेत टाकली आणि ते तीस हजार फंडातून घेतले, तर साठीला एवढे जमतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, आत्ता ८.२ टक्के आहे, तर महिन्याला ८७० च्या वर व्याज. आठशेसाठी थांबायचं की ८७० घ्यायचे? शिवाय मुद्दल शिल्लक. काकूंना चारशे कशाला, पूर्ण सव्वा लाख मिळतील."

मला विचाराल तर त्या संध्याकाळचा वाद इथं संपायला हवा होता. मी आजवर ऐकलेल्या हिशोबांत एवढा चोख हिशोब क्वचित ऐकलाय. तरी संपला नाही, आणि संपवू दिला नाही तो अण्णाने, ज्याच्या बाजूने निकाल लागला होता.

"हा टाकणार आहे का बँकेत?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "महिन्याला चार हजार वेगळे आले की पहिल्या महिन्यात पोराच्या गाडीचा हप्ता, दुसऱ्या महिन्यात भाचीचं लग्न. सरकारकडे अडकलेला पैसा माणसाच्या हाती लागत नाही, तेवढंच त्याचं बरं. एक्सेल, तुझ्या रकान्यात भाची आहे का?"

नव्हती.

"आणि ८.२ जन्मभर राहणार नाही," मास्तरांनी जोड दिली. तेही बरोबर. ती योजना पाच वर्षांची. पाच वर्षांनी दर काय असेल कुणास ठाऊक. पेन्शन वाढत नाही, पण कमीही होत नाही.

तेवढ्यात सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, चोवीस वर्षं झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली. जेवणानंतर दोन फेऱ्या मारतात आणि तिसऱ्या फेरीला ओट्यापाशी थांबतात. बसत नाहीत, उभ्यानेच निकाल देतात आणि जातात. त्यांना सगळं सांगितलं. पत्रकाची मागची बाजूही दाखवली.

"हे पेन्शन कधी घ्यायची त्याचं झालं," त्या म्हणाल्या. "नोकरी कधी सोडणार?"

"साठला. सोय आहे ना."

"भाऊ, ओट्यावर चढताना तुम्ही हात टेकता."

मी म्हटलं, उंच आहे ओटा.

"दिवाळीत नव्हता उंच."

माझा उजवा गुडघा. आठ तास उभ्याचं काम, पंधरा दिवसांनी रात्रपाळी. रात्रपाळीहून आलो की घराच्या पायऱ्या मी आडव्या पायाने उतरतो, ते मला वाटलं होतं कुणी बघत नाही. सिस्टरांनी फार काही सांगितलं नाही. गुडघा कधी दाखवला, फोटो काढला का, कंपनीचा मेडिक्लेम कधीपर्यंत आहे, एवढं विचारलं. मेडिक्लेम नोकरी आहे तोवर. साठपर्यंत राहिलो तर साठपर्यंत, परवा सोडली तर परवापर्यंत.

"मग चार हजारांचं दोन तास काय घोळवताय? गुडघा बदलायची वेळ आली तर ती नोकरीत असताना येऊ द्या. नाहीतर आत्ताच रात्रपाळीतून नाव काढायला सांगा. मी सोडली तेव्हा सासूबाई अंथरुणावर होत्या. पेन्शन किती बसते ते मी सोडल्यावर विचारलं." आणि चौथ्या फेरीला निघून गेल्या.

बापू त्यांच्याकडे बघत म्हणाला, "यांना रोज साडेसातलाच बोलवत जा. वेळ वाचेल."

पण मास्तरांना वेगळाच मुद्दा सुचला होता. ग्रॅच्युइटी. शेवटचा बेसिक आणि भत्ता, त्याचे सव्वीस भाग करून पंधरा दिवसांचे, गुणिले वर्षं. दोन वर्षं जास्त काढली तर दोन वर्षं वाढतातच, शिवाय आधीची अठ्ठावीसही नव्या पगाराने मोजली जातात. म्हणजे पुढच्या पगारकरारात बेसिक वाढलं तर ते सगळ्या वर्षांवर लागू. आमचा करार पुढच्या वर्षी आहे. खरं सांगतो, पेन्शनच्या त्या चार हजारांपेक्षा हा मुद्दा वजनदार होता, आणि मी त्याचा विचारही केलेला नव्हता. एचआरने विचारलं पेन्शनचं, म्हणून मी पेन्शनभोवतीच फिरत राहिलो. जिथं माझं दोन-अडीच लाखांचं पुढंमागं होतं, तिकडे कुणी बोट दाखवलं नाही तोवर माझं लक्षच नव्हतं.

फंडाचंही तसंच. अण्णा म्हणाला, रिटायर झाल्यावर दुसऱ्या दिवशी धावत जाऊन फंड काढू नकोस. तीन वर्षं तो व्याज खात राहतो. यंदाचा दर ८.२५. फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स. मी म्हटलं, हे तुला कसं माहीत, तू तर महिन्याभरात काढलास. "म्हणूनच माहीत," तो म्हणाला.

नऊ वाजत आले. मास्तर उठायच्या आधी अण्णाने मला एक गोष्ट ऐकवली, ती कुठल्याच बाजूची नव्हती. पेन्शन चालू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला. तीस वर्षं कानस मारून त्याच्या अंगठ्यांच्या रेषा पुसल्या गेल्यात. पहिल्या वर्षी बँकेत मशीनवर अंगठा ठेवला, लागेना. दुसरा ठेवला, लागेना. खुर्चीतल्या पोराने ओला करून ठेवायला सांगितलं, मग पुसून, मग दाबून. दहाही बोटं झाली. पोरगं म्हणालं, काका, सिस्टीम तुम्हाला ओळखत नाही. अण्णाने सतराशे रुपयांसाठी चार खेपा घातल्या. आता मोबाईलवर चेहऱ्यानं होतं, मुलगी करून देते. पण तो अंगठा पुढे करून दाखवत होता, आणि गिरणीपुढच्या खांबावरच्या उजेडात तो खरंच चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत दिसत होता.

"तू टर्नर," तो मला म्हणाला. "तुझेपण बघून ठेव."

आठवड्याने मी ठरवलं. अठ्ठावन्नला पेन्शन घ्यायची, पहिल्यापासून वेगळ्या खात्यात वळती करायची आणि त्या खात्याचं कार्ड हिच्याकडे द्यायचं, भाचीचा प्रश्न तिथं मिटतो. नोकरी चालू ठेवायची, करार होईपर्यंत तरी. रात्रपाळीतून नाव काढायचा अर्ज दिला. मास्तरांना हे अजिबात पटलं नाही; त्यांच्या मते मी आठ टक्के रस्त्यावर टाकले. एक्सेल खूश, आणि अण्णा म्हणाला, बघू वर्षभर, खात्यात किती राहतात ते.

१०-डी भरायला एचआरमध्ये गेलो. तिथल्या पोरीने आधार मागितलं, स्क्रीनवर बघितलं, पुन्हा आधार बघितलं.

"सर, फंडात तुमची जन्मतारीख १ जून १९६६ आहे. आधारवर ६ जानेवारी १९६६."

०१-०६ चं ०६-०१. कुणीतरी कुठंतरी महिना आणि तारीख उलटी घातली होती आणि इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं. आधारप्रमाणे मी जानेवारीतच अठ्ठावन्न ओलांडून बसलो होतो आणि आम्ही एप्रिलमध्ये ओट्यावर दोन वर्षांचा काथ्याकूट करत होतो. आता दुरुस्ती, त्यासाठी कागद, आणि सगळ्यात भारी कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

कट्ट्यावर सांगितलं तर बापूने रिक्षाच्या सीटवर हात आपटून हसून घेतलं. मास्तर मात्र गंभीर झाले. त्यांचं खातं आलं होतं. "शाळा कुठली? सटाण्याकडची ना? जनरल रजिस्टर असतं. त्यातली नोंद कुणी बदलू शकत नाही. जा आणि दाखल्याची दुय्यम प्रत आण. पण जाण्याआधी घरी विचारून घे, खरी तारीख काय ते. रजिस्टरमध्ये तिसरंच काही निघालं तर तयारी असावी."

रविवारी गावी गेलो. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, मोठ्याने विचारलं, माझा जन्म कधीचा?

"पोळ्याच्या आदल्या दिवशी," ती लगेच म्हणाली. "बैलांची शिंगं रंगवायची राहिली होती."

म्हणजे जूनही नाही आणि जानेवारीही नाही. म्हटलं, कोणत्या साली?

तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. "विहिरीला पाणी लागलं त्या साली," ती म्हणाली.